सायकलची ट्यूब घेताना: टायरवरचा छोटा आकडा आणि रिमचं भोक

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी, घरच्या तीन सायकली उभ्या असतात. बाबांची काळी, दांडीवाली, २८ ची. माझी हायब्रिड, म्हणजे रोड सायकल आणि माउंटन बाइकच्या मधली. आणि शनिवार-रविवारी भाचा येतो म्हणून त्याची २० ची. तिघींच्या ट्यूबा वेगळ्या, व्हॉल्व्ह वेगळे, पंपसुद्धा वेगळे. पूर्वी एक चौथीही होती, माझी कॉलेजातली लेडीज सायकल, २६ ची. ट्यूब कशी निवडायची ते तिनेच शिकवलं.

झालं असं की तिची मागची ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली. मी दुकानात जाऊन म्हटलं, "काका, सव्वीसची ट्यूब द्या." काकांनी सव्वीसची दिली. घरी येऊन बसवली, जरा बळजबरीच करावी लागली, पण बसली. हवा भरून झोपायला गेले. रात्री दीड वाजता पार्किंगमधून असा आवाज आला की वॉचमन काठी घेऊन धावला. ट्यूब फाटली होती, आणि फाटलेल्या जागी रबराची एक जाड घडी टायरच्या कडेखालून बाहेर डोकावत होती. खोक्यावर छापलं होतं २६ × १.९५ ते २.१२५. माझा टायर होता २६ × १⅜. काकांची काही चूक नव्हती. मी जे मागितलं ते त्यांनी दिलं.

तेव्हापासून मी दुकानात "सव्वीसची" असं कधीच म्हणत नाही.

आधी जुनी ट्यूब का गेली ते बघा

नवी ट्यूब आणायच्या आधी जुनीला दहा मिनिटं द्या. नाहीतर ज्या कारणाने जुनी गेली त्याच कारणाने नवीही आठवडाभरात जाईल.

पहिली गोष्ट म्हणजे ट्यूब खरंच गेली आहे का? साध्या सायकलींना जो डनलॉप व्हॉल्व्ह असतो त्याच्या आत धातूची एक नळी असते, नळीला बाजूला बारीक भोक असतं आणि त्यावर रबराची इवलीशी नळी चढवलेली असते. तीच वालट्यूब. पंपाची हवा तिला फुगवून आत शिरते, आणि बाहेर यायला लागली की तीच रबरी नळी भोकावर घट्ट बसते. मुंबईच्या दमट उकाड्यात हे रबर चिकट होतं, चिरतं. मग सकाळी भरलेली हवा संध्याकाळी गायब, आणि पंक्चर मात्र सापडत नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर वालट्यूब बदला. दोन-चार रुपयांचं काम असतं. मी स्वतः पाहिलंय, लोक वालट्यूबसाठी अख्खी ट्यूब बदलून घेतात.

बुडबुडा नाही आला तर ट्यूब काढा, थोडी हवा भरा आणि बादलीत बुडवून भोक कुठे आहे ते बघा. ट्यूब काढताना टायरवर व्हॉल्व्हपाशी खडूने खूण करून ठेवा, म्हणजे ट्यूबवरच्या भोकासमोर टायरची कोणती जागा येते ते नंतर जुळवता येतं.

भोक रस्त्याच्या बाजूला असेल तर काच, खिळा किंवा तार. पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने सायकल चालवणाऱ्यांना ही तार चांगली ओळखीची असते. ट्रकचे टायर फाटतात, त्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला जमतात, आणि आपण चालवतो तेही कडेनेच. हा तुकडा टायरमध्ये अडकून राहतो, बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका, रक्त निघेल. फडकं जिथे अडकेल तिथे तार आहे. चिमट्याने ओढून काढा.

शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या, साप चावल्यासारख्या, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्ल्यांत आणि काँक्रीट रस्ता संपून डांबर सुरू होतं त्या पायरीवर हे हमखास होतं. ट्यूब कितीही भारी आणा, हवा कमी ठेवलीत तर पुन्हा तेच.

भोक आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर टायर निर्दोष आहे. रिमवरची पट्टी सरकली असेल, किंवा एखाद्या स्पोकचं टोक वर आलं असेल. लोखंडी रिम पावसाळ्यात आतून गंजतो आणि गंजाचे पापुद्रे ट्यूबला घासत राहतात. अशा वेळी ट्यूबसोबत रिम टेपही घ्या. जुन्या सायकलींना रबरी पट्टी असते, दुहेरी भिंतीच्या अलॉय रिमला घट्ट कापडी किंवा प्लास्टिकची पट्टी लागते. रबरी पट्टी त्या रिमच्या भोकांत खचते, म्हणून तिथे चालत नाही.

आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल, तर पंक्चरवाला काही करू शकत नाही. तिथे पॅच बसत नाही. ही ट्यूब बदलायचीच.

एक-दोन साधी भोकं असतील तर मात्र पॅच लावा. नीट लावलेला पॅच ट्यूबइतकाच टिकतो. मी साधारण पाचव्या-सहाव्या पॅचनंतर ट्यूब बदलते, तेही पॅचवर पॅच यायला लागले म्हणून.

टायरवर दोन आकडे असतात, छोटा वाचा

टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. सरळ उजेडात रबरातली उठावदार अक्षरं दिसत नाहीत. मोठ्या अक्षरांत असेल २६ × १⅜ किंवा ७०० × ३५सी असं काहीतरी. त्याच्या जवळपास, बहुतेक वेळा बारीक अक्षरांत, मध्ये आडवी रेघ असलेली जोडी सापडेल: ३७-५९०, ३५-६२२, ४७-४०६. ही जोडी सगळ्यात महत्त्वाची. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. फोटो काढा आणि दुकानात तोच दाखवा.

इंच का फसवतात? कारण जुन्या काळी इंचाचा आकडा रिमचा नसून हवा भरलेल्या टायरचा, बाहेरून बाहेर, साधारण व्यास होता. माझ्या लेडीज सायकलचा टायर ३७-५९०. दोन्ही बाजूंची रुंदी मिळवा: ५९० अधिक ७४, म्हणजे ६६४ मिलिमीटर. एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, जाड टायर ५०-५५९. त्याचे झाले ६५९. दोन्ही जेमतेम २६ इंच! टायर जाड म्हणून रिम लहान, टायर बारीक म्हणून रिम मोठा, आणि दोघांचं नाव एकच. रिमच्या व्यासात मात्र ३१ मिलिमीटरचा फरक.

त्यात आणखी एक खोड आहे. अपूर्णांक आणि दशांश गणितात सारखे असले तरी टायरवर सारखे नसतात. २६ × १¾ आणि २६ × १.७५ हे दोन वेगळ्या रिमचे टायर आहेत, पहिला ५७१ चा, दुसरा ५५९ चा. ट्यूब मागताना "पावणेदोन" म्हणालात तर दुकानदाराने कोणती द्यायची?

आपल्याकडे नेहमी दिसणारी मापं अशी:

काळी, दांडीवाली २८ × १½: ४०-६३५
लेडीज आणि जुन्या हलक्या सायकली, २६ × १⅜: ३७-५९०
२६ ची एमटीबी, रुंदी दशांशात: ५५९
हायब्रिड आणि रोड, ७००सी: ६२२
२९ ची एमटीबी: तीही ६२२
२७.५ ची एमटीबी: ५८४
२४ ची, रुंदी दशांशात: ५०७
२४ × १⅜: ५४०
मुलांची २० ची आणि बहुतेक घडीच्या सायकली: ४०६
२० × १⅜: ४५१
१६ ची मुलांची: ३०५
१६ × १⅜, काही महागड्या घडीच्या सायकली: ३४९
१२½ × २¼, अगदी लहानग्यांची: २०३

२९ ची एमटीबी आणि ७००सी हायब्रिड यांचा रिम एकाच व्यासाचा आहे हे अनेकांना माहीत नसतं. फरक फक्त रुंदीचा. आणि परदेशी बनावटीच्या काही हायब्रिड टायरांवर २८ × १.४० असंही छापलेलं असतं. ती आपल्या बाबांच्या सायकलची २८ नव्हे! ती ६२२, बाबांची ६३५. टायर घ्यायला गेलात तर इथे पक्के फसाल. ट्यूबच्या बाबतीत मात्र निभावतं.

कारण ट्यूब रबर आहे, ताणली जाते. टायर नाही. ६२२ आणि ६३५ ला बऱ्याचदा एकच ट्यूब चालते, खोक्यावरच तसं लिहिलेलं असतं. वाटेत अडलात आणि २९ च्या सायकलला फक्त २७.५ ची ट्यूब मिळाली तरी घरापर्यंत येता येतं. पण २० ची ट्यूब २६ ला चढवायला जाऊ नका.

रुंदी: शंका आली तर बारीक घ्या

ट्यूबच्या खोक्यावर एकच रुंदी नसते, पल्ला असतो: ७०० × २८/३२, ७०० × ३५/४३, २६ × १.७५/२.१२५. आपल्या टायरची रुंदी त्या पल्ल्यात बसली की झालं. माझ्या ३५ च्या टायरला ३५/४३ ची ट्यूब.

टायर दोन पल्ल्यांच्या मधोमध अडकला तर? मी बारीक घेते. थोडी बारीक ट्यूब हवा भरल्यावर ताणून टायर भरते. जास्त जाड ट्यूबला मात्र आत जागा नसते, ती घडी मारून बसते, आणि घडी कडेखाली अडकली की काय होतं ते आमच्या वॉचमनला विचारा. पण बारीक म्हणजे फार बारीक नव्हे. २५ ची ट्यूब ४० च्या टायरमध्ये घातली तर रबर ताणून पातळ होतं, बारीक काचही त्याला पुरते आणि पॅच सुटायला लागतात.

व्हॉल्व्ह: रिमचं भोक ठरवतं

व्हॉल्व्ह तीन प्रकारचे. डनलॉप, वर सांगितलेला वालट्यूबवाला, साध्या देशी सायकलींचा. श्रेडर, मोटारसायकल आणि गाडीला असतो तोच, जाड आणि आत पिन असलेला. प्रेस्टा, बारीक आणि लांब, वरचं छोटं चाक सैल केल्याशिवाय हवा न घेणारा, रोड आणि महागड्या सायकलींचा.

डनलॉप आणि श्रेडर दोघांची नळी साधारण ८ मिलिमीटरची, त्यामुळे एकाच्या भोकात दुसरा जातो. प्रेस्टा ६ मिलिमीटरचा. श्रेडरची ट्यूब प्रेस्टाच्या रिममध्ये जाणारच नाही. भोक मोठं करून देणारे लोक आहेत, पण रोड सायकलच्या अरुंद रिमला ड्रिल लावू देऊ नका, तिथे रिम आधीच कमी रुंदीचा असतो. उलट प्रेस्टाची ट्यूब मोठ्या भोकात जाते, पण डुगडुगते. मग मुळापाशी रबर त्या फटीत घुसतं आणि एक दिवस तिथेच फाटतं. असं करायचंच असेल तर भोक लहान करणारी रबरी किंवा धातूची कडी मिळते, ती घाला.

माझं मत विचाराल तर मुंबईत रोज फिरणाऱ्या सायकलला, भोक परवानगी देत असेल तर, श्रेडर. कारण अगदी साधं आहे. पेट्रोल पंपावर, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर, रिक्षावाल्यांच्या अड्ड्याशेजारच्या टपरीत, सगळीकडे त्याचीच नळी असते. प्रेस्टा असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवा. तो नसेल तर रात्री दहा वाजता घाटकोपरच्या पुलाखाली पंक्चरवाला सापडूनही उपयोग नाही. तो ट्यूब बदलेल आणि म्हणेल, "ताई, हवा कशी मारू?"

बाबांनाही मी श्रेडरची ट्यूब घ्या म्हणून सुचवलं होतं. त्यांनी त्यांचा पितळी पायपंप दाखवला. त्याची नळी डनलॉपलाच बसते आणि तो पंप माझ्याहून जुना आहे. विषय संपला.

व्हॉल्व्हची लांबीही बघायची, प्रेस्टाला विशेष. रिमची खोली मोजा आणि त्यात १५ ते २० मिलिमीटर मिळवा. साध्या रिमला ३५ ते ४० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह पुरतो. खोल रिमच्या रेसिंग चाकाला ६० किंवा ८० लागतो. आखूड घेतलात तर पंप पकडत नाही. लांब घेतलात तर दिसायला वाईट, बाकी काही बिघडत नाही.

लहान मुलांच्या १२ आणि १४ च्या चाकांना काटकोनात वाकलेल्या व्हॉल्व्हची ट्यूब मिळाली तर जरूर घ्या. स्पोकांच्या दाटीत सरळ व्हॉल्व्हवर पंपाचं तोंड बसत नाही आणि मुलं मागे उभी राहून "झालं का, झालं का" करत असतात.

रबर कसलं

बहुतेक चांगल्या ट्यूबा ब्युटाइलच्या असतात. हे कृत्रिम रबर १९३७ मध्ये अमेरिकेत तयार झालं आणि त्याचा मोठा गुण एकच: हवा धरून ठेवतं. नैसर्गिक रबरातून हवा हळूहळू झिरपत राहते. बाजारातल्या सगळ्यात स्वस्त ट्यूबा अजूनही नैसर्गिक रबराच्या किंवा मिश्रणाच्या असू शकतात, त्यामुळे खोक्यावर "ब्युटाइल" शब्द शोधा. दर दोन-तीन दिवसांनी हवा भरायचा कंटाळा असेल तर थोडे पैसे जास्त द्या. राल्सन, मेट्रो, हार्टेक्स या देशी कंपन्यांचा माल गल्लीबोळातही मिळतो, केंडा किंवा श्वाल्बे सायकलच्या मोठ्या दुकानांत.

जाड, काटेरोधक ट्यूबा वेगळ्या येतात. रस्त्याकडची बाजू साध्या ट्यूबच्या दोन-तीन पट जाड. वजन वाढतं, सायकल सुस्तावते. पाव, अंडी, दुधाच्या पिशव्या वाहणाऱ्या सायकलला किंवा हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, मोटर असलेल्या सायकलला त्या शोभतात. तिथे मागचं चाक सोडवणं हाच मोठा व्याप असतो आणि पंक्चर टळणं वजनापेक्षा महत्त्वाचं. माझ्या हायब्रिडला मी घेत नाही.

मग टीपीयूच्या, म्हणजे एका लवचिक प्लास्टिकच्या, पारदर्शक, घडी करून मुठीत मावणाऱ्या ट्यूबा. साधी ७०० × २५ ची ब्युटाइल ट्यूब १०० ग्रॅमच्या आसपास भरते, टीपीयूची त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी. किंमत कित्येक पट. त्यांना नेहमीचं सोल्यूशन आणि पॅच चालत नाही, वेगळे पॅच लागतात, आणि ते रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे नसतात. आणखी एक सावधगिरी. रिमला घासणारे ब्रेक असतील तर लांब उतारावर रिम तापतो आणि काही कंपन्या अशा सायकलींना टीपीयू वापरू नका असं स्पष्ट लिहितात. मरीन ड्राइव्हवर काही होणार नाही. खंडाळ्याचा घाट उतरायचा बेत असेल तर खोकं वाचा. मी पिशवीतली जादाची ट्यूब म्हणून एक टीपीयू ठेवते, कारण जागा वाचते. चाकात मात्र ब्युटाइलच.

लेटेक्सच्या ट्यूबा शर्यतीवाल्यांच्या. रोज सकाळी हवा भरावी लागते. पुढे जाऊ.

दुकानात

फोटो दाखवा आणि वाक्य एकदम पूर्ण म्हणा: "३५-६२२ च्या टायरला, श्रेडर, ब्युटाइल, व्हॉल्व्ह ४० चा." साध्या सायकलला: "२८ × दीडची, डनलॉप व्हॉल्व्ह." आकडा ऐकून दुकानदाराने "सगळी एकच असते हो" म्हटलं तर खोकं हातात घेऊन स्वतः वाचा.

खोकं उघडून बघायला लाजू नका. व्हॉल्व्ह सरळ उभा आहे का, त्याच्या मुळाशी रबराचा जोड चारी बाजूंनी चिकटलेला आहे का, घडीवर बोट दाबून रबर पांढुरकं होऊन चिरतंय का, एवढं पुरे. खिडकीत उन्हात महिनोन्महिने टांगलेली ट्यूब नको, उन्हाने रबर म्हातारं होतं. डनलॉप घेत असाल तर वालट्यूबचे दोन तुकडे जादा मागून घ्या. आणि एक ट्यूब घ्यायला गेलात तरी दोन घ्या. दुसरी लागणारच आहे, आणि ती नेहमी रविवारी रात्री लागते.

घरी आल्यावर जादाची ट्यूब थोडी फुगवून रात्रभर दाराच्या हँडलला टांगून ठेवा. नवी ट्यूब सदोष निघते, क्वचित, पण ते आरेच्या रस्त्यावर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.

बसवताना

सगळी हवा सोडा. टायर दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्याकडे दाबत फिरवा. रिमच्या मधोमध एक खोलगट नाली असते, टायरची कड तिच्यात गेली की ढिली पडते. व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूने टॉमी, म्हणजे टायर उचलायची पट्टी, घाला. प्लास्टिकची उत्तम. स्क्रूड्रायव्हर नको, त्याने जुनी ट्यूब तर जातेच, रिमही कोरतो. टायरची एकच बाजू काढली तरी पुरे.

टायरच्या आतून फडकं फिरवून झालं का? रिमची पट्टी सगळी भोकं झाकतेय का? मग नव्या ट्यूबमध्ये तोंडाने फुंकल्यासारखी, फक्त गोल आकार येईल इतकीच हवा भरा. चपटी ट्यूब पिळवटते आणि घडी मारते. हातावर थोडी टाल्कम पावडर घेऊन ट्यूबला लावली तर ती आत सरकून नीट बसते.

आधी व्हॉल्व्ह भोकात, मग बाकीची ट्यूब टायरमध्ये. कड चढवायला व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा आणि दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हकडे या, म्हणजे शेवट व्हॉल्व्हपाशी होईल. बहुतेकजण उलटं करतात. व्हॉल्व्हच्या जाड मुळामुळे कड तिथे नालीत उतरत नाही, म्हणून तिथला टायर शेवटी घ्यायचा आणि बाकी सगळीकडची ढील ओढत तिथवर आणायची. शेवटचा बोटभर भाग अंगठ्यांनी ढकला. टॉमीने ढकललात तर दर चार वेळांत एकदा नवीच ट्यूब चिमटाल. मी चिमटली आहे.

आता व्हॉल्व्ह आत, टायरकडे ढकला आणि परत ओढा. त्याच्या मुळाशी अडकलेलं रबर सुटतं. मग चाक फिरवत दोन्ही बाजूंनी कड जराशी दूर करून बघा, ट्यूब कुठे डोकावतेय का. माझी रात्री दीडची गंमत एवढ्या तपासणीने टळली असती.

अर्धी हवा भरा. टायरवर रिमला समांतर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडाली किंवा उचलली असेल तर हवा सोडून पुन्हा. सगळं ठीक असेल तर पूर्ण भरा. किती ते टायरच्या बाजूवर पीएसआयमध्ये लिहिलेलं असतं, बहुतेक पल्ला म्हणून. वजन जास्त किंवा कॅरिअरवर ओझं असेल तर वरच्या टोकाकडे. प्रेस्टाच्या नळीवर रिमपाशी बसणारी चकती बोटाने घट्ट होईल इतकीच आवळा. पकडीने आवळलेली चकती व्हॉल्व्ह मुळापासून ओढते.

पेट्रोल पंपावर भरत असाल तर नळी व्हॉल्व्हवर क्षणभर लावा, काढा, दाबून बघा, पुन्हा लावा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती? गाडीच्या टायरसाठीचा कॉम्प्रेसर ती काही सेकंदांत भरून पुढे जातो. गप्पा मारत धरून ठेवू नका.

बाबांच्या सायकलसारखी पूर्ण चेनकव्हर असलेली सायकल असेल तर मागची ट्यूब घरी बदलण्याचा हट्ट करू नका. चाक सोडवायला कव्हर, साखळी, ब्रेकच्या सळया, सगळं हलवावं लागतं. म्हणून तर आपले पंक्चरवाले चाक न काढताच टायरची एक बाजू उचलून ट्यूब बाहेर ओढतात आणि तिथल्या तिथे पॅच लावतात. ट्यूब तुम्ही नेऊन द्या, बसवायचं काम त्यांच्याकडे.

जादाची आणि जुनी

पिशवीतली ट्यूब पाने आणि टॉमीसोबत मोकळी ठेवली तर खडखडून तिला भोकं पडतात, आणि अडचणीच्या वेळी पंक्चर झालेली नवी ट्यूब हातात येते. टाल्कम पावडर लावून जुन्या मोज्यात घाला. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकची पिशवी. पार्किंगमध्ये ठेवत असाल तर स्कूटरच्या ऑइलच्या डब्यापासून दूर, तेल आणि पेट्रोल रबर खातं. पहिल्या मोठ्या पावसानंतर हिचं काम पडायची शक्यता जास्त. रस्त्याच्या कडेची काच वाहून सगळीकडे पसरते आणि ओल्या टायरमध्ये ती सहज शिरते.

जुनी ट्यूब फेकू नका. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंनी कापून टाका, उरलेली लांबीत चिरा. एवढी घट्ट दोरी बाजारात मिळत नाही. बाबांच्या कॅरिअरवर गेली कित्येक वर्षं भाजीची पिशवी माझ्या त्याच फाटलेल्या, २६ × १.९५ च्या ट्यूबने बांधलेली असते.